खैऱ्याच्या जिवाणूचा जीनोम: लिंबाच्या पानापासून पूर्ण वर्तुळापर्यंत

कागदी लिंबावर खैऱ्या आणणारा जिवाणू म्हणजे झँथोमोनास सिट्री, उपजात सिट्री. त्याचा पहिला पूर्ण जीनोम, म्हणजे सगळ्या डीएनएचं वाचन, ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी २००२ साली प्रसिद्ध केला. त्या स्ट्रेनचं, म्हणजे वाणाचं, नाव ३०६. त्यात ५१,७५,५५४ बेसचं (डीएनएच्या अक्षरांचं) एक गोल गुणसूत्र आणि सुमारे ३४ हजार व ६५ हजार बेसची दोन प्लाझ्मिडं, म्हणजे डीएनएची सुटी लहान वर्तुळं, आहेत. जीसीचं, म्हणजे जी आणि सी या बेसचं, प्रमाण ६४.७ टक्क्यांच्या आसपास. मग दापोलीच्या किंवा वेंगुर्ल्याच्या आगरातल्या लिंबावरून जिवाणू काढून पुन्हा सगळं वाचायचं कशाला, तर गुणसूत्र जगभर बरंच सारखं निघतं, पण प्लाझ्मिडं सारखी नसतात. आणि रोगाची किल्ली प्लाझ्मिडांवर आहे.

ती किल्ली म्हणजे पीटीएच-ए हे जनुक. ३०६ मध्ये त्याच्या चार प्रती आहेत, प्रत्येक प्लाझ्मिडावर दोन. जनुकाच्या मधल्या भागात १०२ बेसचा एक तुकडा जवळपास जसाच्या तसा पुन्हा पुन्हा येतो. चौथ्या प्रतीत तो साडेसतरा वेळा येतो, म्हणजे जवळजवळ १,७८५ बेस. इल्युमिना या सिक्वेन्सिंग मशीनचं एक रीड, म्हणजे एका दमात वाचलेला पट्टा, १५० बेसचं. त्यात जेमतेम दीड तुकडा मावतो, आणि तो चारपैकी कुठल्या प्रतीतला हे संगणकाला ठरवता येत नाही. म्हणून नुसत्या शॉर्ट-रीडवर भागवलं की बाकीचा जीनोम चांगला येतो आणि नेमकं हेच जनुक तुकड्यातुकड्यांत विरून जातं. झाडं कुठली, किती नमुने, कोणती मशीन हे सगळं ठरवताना एकच गोष्ट डोळ्यांसमोर ठेवा: शेवटी पीटीएच-एच्या सगळ्या प्रती अखंड वाचता आल्या पाहिजेत. त्यासाठी लांब डीएनए लागतो, आणि या जिवाणूतून तो काढणं हेच खरं काम आहे.

नमुना कधी आणि कसा घ्यायचा

खैऱ्याला नवी पालवी, २० ते ३० अंश तापमान आणि वाऱ्याबरोबर मारणारा पाऊस लागतो. सेकंदाला ८ मीटरच्या वर वारा असला की पावसाचं पाणी पानाच्या रंध्रांतून आत घुसतं आणि जिवाणू त्याबरोबर जातो. किनाऱ्यावर हे सगळं जून ते सप्टेंबर आयतं मिळतं. नमुना घ्यायला मात्र भर झडीत जाऊ नका. उघडीप बघा, पानं सुकू द्या. ओल्या बागेत हात, कपडे, कात्री सगळंच रोग पसरवतं. निरोगी झाडं आधी बघा, रोगट नंतर. दर झाडानंतर कात्री ७० टक्के अल्कोहोलने पुसा.

डाग कोवळा हवा. पानाच्या दोन्ही बाजूंना उठलेला, २ ते ३ मिमीचा, कडेला तेलकट ओलसर पट्टा आणि भोवती पिवळं वलय असलेला. तपकिरी, खरखरीत, मधे खड्डा पडलेले जुने डाग फोटोत छान दिसतात, पण त्यांत मृतोपजीवी जिवाणूंची गर्दी असते. नागअळीच्या नागमोडी वाटेवरचे एकमेकांत मिसळलेले डागही टाळा. त्याच पानावर सुटा डाग सापडतोच.

बागायतदाराला फवारणी कधी झाली हे विचारा. तांब्याच्या फवारणीनंतर जिवाणू जिवंत असूनही प्लेटवर न वाढणाऱ्या अवस्थेत जाऊ शकतो, आणि मग डाग ताजा दिसत असून प्लेट कोरी राहते. कोकणात हा प्रश्न फक्त लिंबापुरता नाही. सुपारीवरच्या कोळे रोगासाठी बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) मारतात, आणि लिंबाचं झाड बऱ्याचदा त्याच आगरात उभं असतं. लिंबावर काही मारलं नाही असं उत्तर मिळालं तरी वरच्या पोफळींवर काय मारलं तेही टिपून घ्या.

पान टिपकागदाने कोरडं करा, वर्तमानपत्रात गुंडाळा, मग कागदी पाकिटात घाला. प्लास्टिकच्या पिशवीत पान घामेजतं आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत कुजतं. थंड पेटीत ठेवा, पण बर्फाला टेकू देऊ नका. फ्रीझर तर नकोच. दोन दिवसांत प्लेटवर घ्या.

जिवाणू वेगळा करणं

पान वाहत्या पाण्यात धुवा. ७० टक्के अल्कोहोलने हलकेच पुसा, निर्जंतुक पाण्यातून तीनदा काढा. डाग आणि निरोगी भाग यांच्या सीमेवरचा २ ते ३ मिमीचा तुकडा कापून १ मिली निर्जंतुक ०.८५ टक्के मिठाच्या पाण्यात चुरडा आणि १५ ते २० मिनिटं तसाच राहू द्या. घाई केली की जिवाणू ऊतीतच अडकून राहतो. मग न्यूट्रिएंट अगारवर रेघा ओढा. सोबत एक निवडक माध्यमाची प्लेटही ठेवा: न्यूट्रिएंट अगारमध्ये लिटरमागे कासुगामायसिन १६ मिग्रॅ, सेफॅलेक्सिन १६ मिग्रॅ आणि क्लोरोथॅलोनिल १२ मिग्रॅ. अगार ५० अंशांच्या आसपास थंड झाल्यावरच ही औषधं घाला.

प्लेटा २८ अंशांवर ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळीच पिवळ्या वसाहती दिसल्या तर खूश होऊ नका. रात्रीत मोठी होणारी पिवळी वसाहत बहुधा पँटोइया या दुसऱ्याच जिवाणूची असते आणि लिंबाच्या पानावर ती हटकून सापडते. तिच्यावर खूण करून बाजूला ठेवा. झँथोमोनास दोन ते चार दिवस घेतो: गोल, फुगीर, कडा नितळ, चकचकीत पिवळी आणि चिकट. एकेक वसाहत उचलून तीनदा नव्या प्लेटवर शुद्ध करा. चिकट वसाहतीत दुसरा जिवाणू लपून बसतो, एका रेघेत तो सुटत नाही.

ओळख पटवायला जे-पीटीएच१ आणि जे-पीटीएच२ या प्रायमर जोडीने पीसीआर करा, १९८ बेसचा पट्टा यायला हवा. त्यावर थांबू नका. १० लाख पेशी प्रति मिलीचं द्रावण बिनसुईच्या सिरिंजने कागदी लिंबाच्या कोवळ्या पानात भरा आणि एका पानात नुसतं पाणी भरा. एक ते दोन आठवड्यांत पहिल्या पानावर उठाव आले तरच तो स्ट्रेन सिक्वेन्सिंगला पाठवण्यालायक. लिंबाच्या पानावर रोग न करणारे झँथोमोनासही राहतात, आणि त्यांच्यावर पैसे घालवण्यात अर्थ नाही. २० ते २५ टक्के ग्लिसरॉलमध्ये स्टॉक करून उणे ८० अंशांवर ठेवा. पावसाळ्यात वीज किती वेळ जाईल याचा नेम नसतो, म्हणून एक संच दुसऱ्या ठिकाणच्या फ्रीझरमध्ये हवाच.

डीएनए: लढाई डिंकाशी

जेलीत, सॉसमध्ये घालतात तो झँथन गम याच कुळातल्या जिवाणूपासून बनवतात. आपल्या जिवाणूलाही तो सोडायची सवय आहे. हा डिंक डीएनएबरोबर खाली बसतो, सिलिका कॉलम तुंबवतो, एन्झाइमं बंद पाडतो आणि नॅनोपोर या लांब रीड देणाऱ्या मशीनची छिद्रं अडवतो. तयार किट वापरून भरपूर डीएनए मिळाला आणि तरी रन फसला, तर नव्वद टक्के वेळा गुन्हेगार हाच.

पहिला उपाय वाढवतानाच करायचा. माध्यमात साखर घालू नका. ग्लुकोज असलेल्या माध्यमावर वसाहती देखण्या दिसतात, पण डिंक कितीतरी वाढतो. साधा न्यूट्रिएंट ब्रॉथ, २८ अंश, मिनिटाला १८० ते २०० फेरे, आणि ६०० नॅनोमीटरला गढूळपणाचं वाचन ०.६ ते ०.८ आलं की थांबा. त्यापुढे रात्रभर ठेवलं तर पेशी वाढतात त्यापेक्षा डिंक जास्त वाढतो. ३ मिली घेऊन सेंट्रिफ्यूजमध्ये ५,००० जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या ५,००० पट) १० मिनिटं फिरवा, वरचं द्रव टाका, ०.८५ टक्के मिठाच्या पाण्याने दोनदा धुवा. गोळा घट्ट बसला तर ठीक. नळी तिरकी केल्यावर तो घसरत असेल आणि पिपेटच्या टोकाला भेंडीसारखी तार येत असेल, तर तिसऱ्यांदा धुवा.

पुढची कृती जुनी सीटॅब या साबणासारख्या रसायनाचीच, पण मापं काटेकोर ठेवा. गोळा ५६७ मायक्रोलिटर टीई बफरमध्ये सैल करा. १० टक्के एसडीएस ३० मायक्रोलिटर आणि मिलिलिटरला २० मिग्रॅचं प्रोटिनेज-के ३ मायक्रोलिटर घालून ३७ अंशांवर तासभर ठेवा. द्रव स्वच्छ आणि दाट होईल. मग ५ मोलर सोडियम क्लोराइड १०० मायक्रोलिटर, नळी हळू उलटीसुलटी करा, आणि त्यानंतरच ८० मायक्रोलिटर सीटॅब द्रावण, म्हणजे ०.७ मोलर मिठात १० टक्के सीटॅब. ६५ अंशांवर १० मिनिटं. हा क्रम बदलू नका. मीठ ०.५ मोलरच्या खाली असताना सीटॅब आला की तो डिंकाबरोबर डीएनएलाही खाली ओढतो. मीठ पुरेसं असलं तर डिंक आणि प्रथिनं सीटॅबला चिकटतात, डीएनए पाण्यात राहतो. सीटॅबचं द्रावण गार पडलं तर गोठतं, म्हणून वापरण्याआधी ६५ अंशांवर पातळ करून घ्या.

आता तेवढ्याच आकारमानाचं क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल, २४:१. दहा मिनिटं हळू उलटंसुलटं करून १२,००० जीवर १० मिनिटं फिरवा. मधे पांढरी जाड साय दिसेल, तोच डिंक आणि प्रथिनं. वरचा थर घेताना सायीपासून लांब राहा. शेवटचे ५० मायक्रोलिटर मागे सोडून द्या, त्यांच्या मोहात सगळा नमुना बिघडतो. साय अजून जाड असेल तर हाच टप्पा पुन्हा करा. मग फिनॉल-क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल, २५:२४:१, एकदा. हे सगळं फ्यूम हूडमध्ये, नायट्राइल हातमोजे घालून. फिनॉल कातडी भाजतं आणि लगेच दुखतही नाही. उरलेलं सिंकमध्ये ओतू नका, वेगळ्या बाटलीत साठवा.

वरच्या थरात ०.६ पट आयसोप्रोपॅनॉल घाला. नळी सावकाश फिरवली की पांढरे धागे दिसतात. धागा काचेच्या आकड्याने उचलता आला तर उत्तमच, डिंक बराचसा द्रवातच राहतो. ७० टक्के इथेनॉलने धुवा. बाटली सारखी उघडी राहिली तर कोकणातल्या दमट हवेत इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे ७० टक्के त्याच दिवशी बनवा. गोळा पाच ते दहा मिनिटं सुकवा, पार कोरडा ठणठणीत करू नका, मग तो विरघळत नाही. १० मिलिमोलर ट्रिस, पीएच ८, १०० मायक्रोलिटरमध्ये घेऊन आरएनेज घाला (मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅम), ३७ अंशांवर अर्धा तास, आणि रात्रभर ४ अंशांवर आपोआप विरघळू द्या. पेशी फुटल्यापासून पुढे व्होर्टेक्स अजिबात नाही, आणि पिपेटची टोकं रुंद तोंडाची. नसतील तर निर्जंतुक कात्रीने टोक कापा.

तपासणी दोन यंत्रांवर करा. नॅनोड्रॉपवर प्रकाश शोषणाचं गुणोत्तर २६०/२८० हे १.८ ते २.० आणि २६०/२३० हे २.० ते २.२ असावं. २६०/२३० दीडच्या खाली गेलं तर डिंक किंवा फिनॉल उरला आहे. प्रमाण मात्र क्युबिटचंच धरा. नॅनोड्रॉपचा आकडा क्युबिटच्या दुप्पट आला तर तो आरएनए आहे, आनंद मानू नका. ०.८ टक्के अगारोजवर सावकाश चालवा. २३ हजार बेसच्या खुणेच्या वर एकच घट्ट पट्टा हवा. खाली शेपूट ओढलेली दिसली तर डीएनए तुटलाय, आणि पुढे कितीही महाग मशीन असलं तरी तो जोडला जात नाही.

पाठवताना

मुंबई-पुण्याच्या सेवा-प्रयोगशाळेला जेल-पॅकवर द्रावणातच पाठवा. गोठवून पाठवलं आणि वाटेत वितळून पुन्हा गोठलं की तुकडे होतात. जिवाणू किंवा डीएनए परदेशी पाठवायचा विचार असेल तर आधी जैवविविधता कायदा, २००२ खाली कोणती परवानगी लागते ते संस्थेकडून पक्कं करा. त्यापेक्षा काम देशातच उरकणं सोपं.

मागणी नेमकी लिहा. नॅनोपोरवर आर१०.४.१ फ्लोसेल, निदान ६० ते १०० पट खोली, म्हणजे प्रत्येक बेस सरासरी तितक्या वेळा वाचलेला. जीनोम ५२.७ लाख बेसचा धरला तर १०० पट म्हणजे सुमारे ५३ कोटी बेस. रीडची एन५० दहा हजारांच्या वर, म्हणजे वाचलेल्यांपैकी निम्मे बेस त्याहून लांब रीडांत हवेत. रॅपिड बारकोडिंग किटला एका नमुन्यामागे २०० नॅनोग्रॅम पुरतात आणि लहान प्लाझ्मिडं त्यात चांगली सापडतात. लायगेशन किटला जास्त डीएनए लागतो, आणि न तुटलेलं गोल प्लाझ्मिड त्यात निसटू शकतं. पैसे असतील तर त्याच डीएनएचं इल्युमिनावर १५० बेसच्या जोड्यांनी ५० पट वाचन जोडीला घ्या. कमी असतील तर लांब रीड ठेवा आणि इल्युमिना सोडा, उलटं नको. कच्च्या पॉड५ फायली, म्हणजे नॅनोपोरचे मूळ विद्युत-संकेत, मागून घ्या. बऱ्याच ठिकाणी न मागितल्यास त्या काही दिवसांत पुसतात.

जोडणी

बेसकॉलिंग, म्हणजे संकेतांचं बेसमध्ये रूपांतर, डोराडो या प्रणालीच्या सर्वांत अचूक मॉडेलवर झालेलं असावं. फिल्टलाँगने हजार बेसच्या खालची रीडं आणि सर्वांत वाईट दहा टक्के काढून टाका, फार कडक गाळणी लावू नका. मग रीडं जोडायला फ्लाय, उच्च-दर्जाच्या नॅनोपोर रीडांचा पर्याय निवडून. १६ जीबी मेमरीचा साधा संगणक पुरतो.

निकालात काय दिसायला हवं? ५१ ते ५३ लाख बेसचं एक वर्तुळ आणि सोबत एक किंवा जास्त लहान वर्तुळं. एकूण बेरीज कोटीच्या घरात गेली तर नमुन्यात दोन जिवाणू होते. जीसीचा आलेख बघा. ६४-६५ टक्क्यांच्या डोंगराशेजारी ५५ टक्क्यांवर दुसरा उंचवटा असेल तर तो आपला पँटोइया. परत प्लेटवर जा, संगणकावर शुद्ध करत बसू नका. गुणसूत्र बंद झालं नाही तर रीडं आखूड आहेत. उड्या मारणाऱ्या आयएस घटकांच्या अनेक प्रती या जीनोममध्ये आहेत, जोडणी तिथे अडखळते.

प्लाझ्मिडांकडे जास्त वेळ द्या. ३४ हजारांऐवजी ६७-६८ हजारांचं वर्तुळ आलं तर ते स्वतःशीच दोनदा जोडलेलं असण्याची शक्यता असते. स्वतःविरुद्ध स्वतःचा डॉट-प्लॉट काढला की लगेच कळतं. दोन वेगळी प्लाझ्मिडं एकत्र जोडलेली दिसली तर मात्र लगेच चूक म्हणू नका. पीटीएच-एच्या प्रतींमधल्या साम्यामुळे ती खरोखरही एकमेकांत मिसळू शकतात. जोडावरून सलग जाणारी लांब रीडं मोजा. दहा-वीस असतील तर ते खरं.

पॉलिश, म्हणजे जोडणीतल्या चुकलेल्या बेसची दुरुस्ती, मेडाकाने. इल्युमिना असेल तर त्यानंतर पॉलिपोलिश, कारण ते रीड बसू शकतील अशा सगळ्या जागा विचारात घेतं. एकच जागा धरणारी साधनं पीटीएच-एच्या चार प्रतींमधले खरे फरक पुसून त्या सगळ्या सारख्या करून टाकतात, आणि हा घोटाळा गुणवत्तेच्या कुठल्याही आकड्यात दिसत नाही. चेकएम या तपासणी-साधनावर पूर्णता ९९ टक्क्यांच्या वर यावी. बॅकटाने जनुकं शोधल्यावर संख्या ४,३०० ते ४,५०० च्या आसपास येते. ती अचानक पाच हजारांच्या वर गेली तर बेस गळाल्याने जनुकं मधेच तुटली आहेत, पुन्हा पॉलिश करा.

पीटीएच-ए वाचणं

आपोआप जनुकं शोधणाऱ्या साधनांवर इथे विसंबू नका, ती हे जनुक अर्धवट किंवा निकामी ठरवून मोकळी होतात. अ‍ॅनोटेल हे साधन खास याच जनुक-कुळासाठी आहे. प्रत्येक प्रतीचे १०२ बेसचे तुकडे मोजा. ३०६ मध्ये ते अनुक्रमे साडेसोळा, साडेपंधरा, साडेपंधरा आणि साडेसतरा आहेत. जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनात प्रत्येक तुकड्यातली बारावी आणि तेरावी अमिनो आम्लं त्याने झाडाच्या डीएनएतला कुठला बेस पकडायचा ते ठरवतात. साडेसतरा तुकड्यांच्या चौथ्या प्रतीचं प्रथिन लिंबूवर्गीय झाडातल्या एलओबी१ जनुकाच्या सुरुवातीला जाऊन बसतं, ते जनुक चालू करतं, आणि पेशी फुगून तो उठाव तयार होतो. आपल्या स्ट्रेनमध्ये तुकड्यांची संख्या किंवा क्रम वेगळा असेल तर किमान दहा अखंड रीडांत तोच दिसतो ना, हे एकेक रीड उघडून डोळ्यांनी तपासा. त्याशिवाय नवं रूप सापडलं असं लिहू नका.

कुठला प्रकार आहे हे ठरवायला सरासरी साम्य पुरत नाही. ३०६ शी ते ९९ टक्क्यांच्या वर येणारच. अनेक जातींवर वाढणारा ए आणि मुख्यतः कागदी लिंबावर राहणारा ए-तारांकित यांतला फरक एकेका बेसच्या बदलांच्या वृक्षावर कळतो. कागदी लिंबावरून घेतलेल्या स्ट्रेनसाठी हा वृक्ष काढायलाच हवा. त्याबरोबर एव्हीआर-जीएफ१ हे जनुक आहे का तेही बघा, ए-डब्ल्यू प्रकारात आणि काही ए-तारांकितांत ते असतं.

तांब्याबद्दल एक फसगत नेहमी होते. यादीत सीओपी-ए या तांबं सोसायला मदत करणाऱ्या जनुकाचं नाव दिसलं की बोर्डोला दाद न देणारा स्ट्रेन सापडला अशी घाई होते. तांब्याला बळी पडणाऱ्या झँथोमोनासच्या गुणसूत्रावरही त्याची भावंडं असतात. प्लाझ्मिडावर सीओपी-एल, सीओपी-ए, सीओपी-बी हा तिघांचा संच सलग असेल तरच संशय घ्या. आणि मग प्लेटवर बघा: मॅनिटॉल, ग्लुटामेट आणि यीस्टच्या माध्यमात लिटरमागे २०० मिग्रॅ कॉपर सल्फेट. न्यूट्रिएंट अगारवर ही चाचणी करू नका. त्यातलं पेप्टोन तांबं बांधून ठेवतं आणि साधा स्ट्रेनही आरामात वाढतो. स्ट्रेप्टोसायक्लिन हे प्रतिजैविक फवारलेल्या बागेतला स्ट्रेन त्याला दाद देतो का हे कळायला एसटीआर-ए, एसटीआर-बी आणि आरपीएस-एल जनुकातल्या ४३ व्या जागेवरचा बदल बघा.

जमा करताना

गुणसूत्राची सुरुवात डीएनए-ए जनुकापासून फिरवून घ्या, म्हणजे इतरांच्या जीनोमशी तुलना सरळ होते. जीनोम एनसीबीआय या अमेरिकेतल्या जनुकीय माहितीच्या केंद्राकडे किंवा फरीदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्राकडे जमा करा, कच्च्या रीडांसकट. झाडाची जात, तालुका, जिल्हा, तारीख आणि फवारणीची माहिती नोंदीत घाला, बागायतदाराचं नाव नको. अक्षांश-रेखांश दोन दशांशांपर्यंत पुरेत, त्यापुढे गेलं की नकाशावर थेट त्याचं आगर दिसतं. पॉड५ फायली मात्र पुसू नका. बेसकॉलिंगची मॉडेलं सुधारत राहतात, आणि पीटीएच-एच्या एखाद्या प्रतीबद्दल शंका राहिलीच तर नवीन डीएनए न काढता त्याच फायली पुन्हा वाचता येतात.